यादीतली अकरावी ओळ

बामाको,
मंगळवार, ६ सप्टेंबर २०२२

आतिमे कासोगे यास,
ब्रेमा फामांता याचा सलाम.

घर बरं आहे ना? घरातली माणसं बरी? मुलगी, जावई, नातवंडं बरी? गुडघे बरे? रात्री झोप लागते? इकडे सगळं ठीक. पेंदा बरी आहे, मुलं आपापल्या जागी आहेत, नदीला यंदा पाणी भरपूर आहे. माझ्या डोळ्यांनी राजीनामा दिलाय, पण कान अजून कामावर हजर आहेत.

तू कड्यावरचं गाव सोडून सेवारेला मुलीकडे राहायला आलास, हे मोप्तीच्या मासळीबाजारात बसणाऱ्या माझ्या भाच्याकडून कळलं. गावाकडचे हाल ऐकून आहे. ते कागदावर विचारत नाही. हे पत्र भाचाच तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत दाराबाहेर बसून राहील. त्याला चहा दे. वाळवलेल्या कांद्याचे ते तुमचे गोळे मात्र बांधून देऊ नकोस, बसमधली माणसं वाटेत उतरून जातात. ही थट्टा आता चालते की नाही मला माहीत नाही. लिहून गेलो, खोडत नाही.

एक हिशेब सांगतो. आपल्या ‘लेताप’ पेपरच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात ‘किंमत २५ फ्रँक’ असं छापलेलं असायचं. आपण दोघं कामाला लागलो त्या चौसष्ट सालचा खरा खर्च मी परवा बसून काढला. एका अंकामागे कागद अडतीस, शाई आणि शिसं नऊ, वीज सहा, पगार चव्वेचाळीस, डाकारहून रेल्वेनं कागद आणायचं भाडं अकरा. झाले एकशे आठ. वाचक पंचवीस द्यायचा, उरलेले त्र्याऐंशी सरकार. म्हणजे अंकात पंचवीस फ्रँकांची बातमी आणि त्र्याऐंशी फ्रँकांचे राष्ट्राध्यक्ष. जुने अंक काढून बघितले तर प्रमाण अगदी बरोबर पडतं.

आणि जुने अंक कोणाकडे आहेत? माझ्याकडे. पहिल्या दिवसापासूनचा एकूण एक अंक, महिन्यावार बांधलेला, वाळवीचं औषध मारलेला. बासष्ट-त्रेसष्टचे अंक तर मी एका भजीवालीच्या गाड्यावरून रद्दीच्या भावानं उचलले, दोन-चार पानांवर तेल आहे तेवढंच. खुद्द पेपरच्या कचेरीत निम्मे नाहीत. तिथली लिहिणारी मुलं परदेशी पाहुण्यांना माझ्या घरी घेऊन येतात आणि सांगतात, आमच्या पेपरचा इतिहास बघायचा तर या म्हाताऱ्याच्या कपाटात बघा. मी चहा देतो आणि फुगून बसतो.

हे सगळं सांगायचं कारण, पेपरला साठ वर्षं झाली. बावीस तारखेला समारंभ आहे, मंत्री येणार, जाडजूड स्मरणग्रंथ निघणार. ग्रंथ छापायचं काम मला मिळालंय. ज्या सरकारी छापखान्यात मी अठराव्या वर्षी झाडू घेऊन शिरलो, त्याचीच मोडीत काढलेली यंत्रं मी ब्याण्णव साली विकत घेतली, हे तुझ्या कानावर असेलच. आज तीन यंत्रं आहेत आणि चौदा माणसं. शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, मतपत्रिका, सगळं छापतो. निवडणुकीत कोण जिंकतं याच्याशी मला देणं-घेणं नाही, उमेदवार जास्त असले की पुरे.

छपाईबरोबर शिशाची अक्षरं जुळवणाऱ्या आम्हा जुळाऱ्यांच्या विभागाचा इतिहासही मीच सांगायचा असं ठरलं, कारण जिवंत असा मीच उरलोय. ग्रंथाचं काम उमू तेरेता नावाची एक मुलगी बघते. हुशार आहे, पुढ्यात यंत्र ठेवून माझं बोलणं टिपते. मी तिला सांगितलं की राष्ट्राध्यक्षांचं नाव, पदव्या आणि पक्षातलं स्थान मिळून तीन ओळी व्हायच्या, त्या आम्ही शिशात ओतून कायमच्या तयार ठेवायचो. रोज दहा ठिकाणी लागायच्या, रोज कोण जुळवत बसणार? अडुसष्टच्या नोव्हेंबरात फौजेनं राज्य घेतलं, त्या सकाळी फोरमननं पहिलं काम काय केलं, तर त्या सगळ्या ओळी गोळा करून भट्टीत टाकल्या आणि त्याच शिशातून नव्या साहेबांच्या पदव्या ओतल्या. एक ओळ जास्त झाली, म्हणून रेल्वेच्या वेळापत्रकातलं शिसं घ्यावं लागलं. उमू पोट धरून हसली. मग म्हणाली, “काका, आता त्र्याऐंशीचं सांगा ना, ते कांदामंत्र्याचं.”

मी म्हटलं, ते मागाहून सांगतो. दुसऱ्या बैठकीतही तेच म्हटलं. तिला वाटलं म्हातारा दमला.

तिसऱ्या बैठकीत तिनं मजकूर लिहूनच आणला, मला वाचून दाखवायला. तसाच उतरवतो: “१९८३च्या मार्चमध्ये मुद्रितशोधक श्री. कासोगे यांनी विनोदाच्या भरात सरकारी नेमणुकांच्या यादीत स्वतःचेच नाव घुसवले आणि ‘लेताप’च्या इतिहासातील सर्वांत मजेदार चूक घडली.” शेजारी हसऱ्या कांद्याचं चित्र.

“गोड किस्सा आहे, नाही का काका?” म्हणाली.

आतिमे, आता मला त्या सकाळकडे जावं लागतंय. तुला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे, तरी मी सांगतो, कारण माझ्या तोंडून तू ती कधी ऐकली नाहीस.

आपला खेळ ठाऊक असलेलं आता तिसरं कोणी उरलं नाही. मी बोझो, नदीतला. तू दोगोन, कड्यावरचा. दुष्काळात तुमचा पूर्वज उपाशी मरत होता तेव्हा आमच्या पूर्वजानं स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला भाजून घातलं. (तुम्ही उलटं सांगता. तुमच्या मांडीला काय चव असणार?) तेव्हापासून आपल्यात रक्त सांडायचं नाही, राग धरायचा नाही, एकमेकांचं वाईट करायचं नाही, आणि शिव्या मात्र पोटभर द्यायच्या. इतर लोक त्या रस्त्यात भेटल्यावर देतात, आपण शिशात देत होतो. रोज सकाळी मी लायनो यंत्रावर मजकूर ओतताना कुठल्यातरी बातमीत एक भलती ओळ घुसवायची, गॅलीचं प्रूफ तुझ्याकडे जायचं, तू ती ओळ हुडकून लाल शाईनं कापायची आणि समासात मला शिवी लिहायची. मग मी ती शिशाची ओळ दोन बोटांनी उचलून भट्टीत टाकायची. एकोणीस वर्षं चाललं. तुझ्या शिव्या वाचता याव्यात म्हणून मी फ्रेंच वाचायला शिकलो. तोवर मी नुसती अक्षरं ओळखत होतो, तीही उलटी. तूच शिकवलंस, दुपारच्या भातावर बोट फिरवून.

दहा मार्च, गुरुवार. शेतीखात्यातल्या नेमणुकांचा हुकूम, राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा, दहा नावं. मी अकरावी ओळ ओतली: “श्री. आतिमे कासोगे, कांद्यांचे राज्यमंत्री, वासासकट.” साडेनऊला प्रूफ तुझ्याकडे गेलं. दहाला परत आलं. ओळीवर लाल रेघ, आणि समासात, “मासा कुजलाय, जुळाऱ्याला आंघोळ घाला.” मी हसलो, प्रूफ घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि ओळ उचलायला निघालो.

तेवढ्यात कागदाचा ट्रक आला. नऊ दिवस डाकारची गाडी अडकली होती, पेपर चार पानांवरून दोनवर आला होता. सगळे पळाले, मीही पळालो, रिळं उतरवायला. तासाभरानं घाम पुसत आत आलो तर पान फर्म्यात आवळून यंत्रावर चढलं होतं. पानाच्या मंजुरीवर तुझी सही होती. खुणा करून झाल्या की तू सही करून टाकायचास, कारण ओळ मी काढणार हे तुला माहीत असायचं. माझ्या डोक्यात ती ओळ आलीच नाही. एक वाजता मंत्रालयातून फोन आला तेव्हा आली.

इथपर्यंतची चूक मी कोणालाही सांगू शकलो असतो. विसरणं हा काही गुन्हा नाही.

दोनला फौजदार आला आणि व्यवस्थापकाच्या खोलीत बसला. आधी तुला बोलावलं. मी बाहेर बाकावर. मध्ये फळ्यांची भिंत, आणि माझे कान तुला माहीत आहेत.

तो म्हणाला, “नाव तुझं, सही तुझी. स्वतःला मंत्री करून घेतलंस?”

तू म्हणालास, “माझ्या नजरेतून सुटलं.”

“स्वतःचं नाव स्वतःच्याच नजरेतून सुटलं?”

“सुटलं.”

तुझी लाल रेघ माझ्या खिशात होती. ती माझ्या खिशात आहे हे तुला माहीत होतं. प्रूफ मी कुठे ठेवतो हे एकोणीस वर्षं तू बघत होतास. एवढं म्हणायचं होतं, फौजदारसाहेब, त्या बोझोचा एप्रन बघा. तू नाही म्हणालास. दोगोन माणूस बोझोला धरून देत नाही.

मग मला बोलावलं. आडनाव विचारलं, सांगितलं. “बोझो?” हो म्हटलं. फौजदार पहिल्यांदा हसला. म्हणाला, “मग तुला काय विचारायचं? बोझो दोगोनचं वाईट करत नसतो. जा, कामाला लाग.” मी गेलो, कामाला लागलो. तुला जीपमधून नेताना मी लायनोवर हवामानाची बातमी ओतत होतो.

त्या संध्याकाळी चहाच्या शेगडीत प्रूफ जाळलं. पहिल्या चहाला जाळलं, तिसऱ्या चहापर्यंत राख कालवत बसलो. पेंदाला वाटलं, मित्राला नेलं म्हणून बसलाय. तुला चौदा महिन्यांचा तुरुंग झाला आणि नोकरी गेली. मी त्याच वर्षी फोरमन झालो. जागा आधीपासून रिकामी होती आणि ती मला हवी होती, हेही लिहून टाकतो. भीती होती हे खरंच, पण नुसती भीती नव्हती.

तू सुटल्यावर मला भेटायला आला नाहीस, मी आलो नाही. एक्याण्णव साली, राज्य पुन्हा बदललं त्याच महिन्यात, तू मला मोप्तीच्या बसथांब्यावर भेटलास. मी तयारी करून गेल्यासारखा होतो, म्हटलं आता हा शिव्या घालेल, सगळ्यांदेखत घालेल, आणि सुटेन. तू टोपी काढलीस आणि म्हणालास, “नमस्कार, फामांतासाहेब. आपण कसे आहात? घरची मंडळी बरी आहेत ना?” दोगोन माणसानं बोझोला अहो-जाहो केलं. बस सुटेपर्यंत तू माझ्याशी अदबीनं बोललास. आयुष्यात मला याच्यापेक्षा मोठी शिवी कोणी दिलेली नाही.

उमूचा मजकूर ऐकला त्या संध्याकाळी मी पेंदाला सगळं सांगितलं. ती मासळी साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, “त्र्याऐंशीपासून या घरात मासळीत कांदा पडू दिला नाहीस. मी काय, पित्ताचा त्रास समजत होते?”

दुसऱ्या दिवशी उमूला सांगितलं. तिनं टिपायचं यंत्र आपणहून बंद केलं. मग पेपरच्या संचालकाकडे गेलो. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे, गोड बोलतो. म्हणाला, “बाबा, साठाव्या वाढदिवसाला कोणी तुरुंगाचं काढतं का? तुम्हाला बोचत असेल तर किस्साच गाळून टाकू. चूकही नको, माणूसही नको.”

मी म्हटलं, “माणूस एकदा गाळून झालाय, साहेब.”

मग जरा व्यवहारानं बोललो. सांगितलं की बावीस तारखेला मंत्री येणार, निम्मे फर्मे छापून झालेत, बाकीचे माझ्या यंत्रावर आहेत, आणि यंत्रं जुनी असल्यामुळे कधी बिघडतील सांगता येत नाही. तो समजला. तोही काही कच्चा नाही. थोडा विचार केला आणि म्हणाला, ठीक आहे, खरं काय ते छापा. पण त्यात कासोगे यांचं नाव येतं, तेव्हा शुक्रवार सोळापर्यंत त्यांची लेखी संमती आणा. नाही आली तर उमूचा मजकूर आहे तसा जाईल, तो सगळ्यांना आवडलाय. मी दाराशी पोचलो तेव्हा मागून हसून म्हणाला, “दोगोन माणूस बोझोची नाचक्की सही करून मागणार? बाबा, तुम्ही म्हातारे, तुम्हाला मी सांगायचं?”

बरोबर बोलला. त्यालाही माहीत आहे तू काय करशील. फौजदाराला माहीत होतं, मलाही बाकावर बसून माहीत होतं. मांडीच्या त्या मांसावर आम्ही सगळे निर्धास्त आहोत.

म्हणून हे पत्र. रीतीप्रमाणे मी चार वडीलधारे पाठवायला हवे होते. ते तुझ्या अंगणात बसले असते, मांडीचं नाव घेतलं असतं, आणि तुला माफ करावंच लागलं असतं, नाही म्हणायची सोयच नाही. तशी माफी मला नको. ती मला त्र्याऐंशीतच मिळाली होती, फळ्यांच्या भिंतीपलीकडून, मी मागायच्या आधी. मी कोणाला पाठवलेलं नाही, भाच्याला काही सांगितलेलं नाही. या पत्रापुरता मी बोझो नाही आणि तू दोगोन नाहीस. मी जुळारी आहे, तू मुद्रितशोधक आहेस आणि माझ्याकडून पानात चूक गेली आहे.

सोबत नव्या मजकुराचं प्रूफ आहे. ओळ कोणी ओतली, रेघ कोणी मारली, प्रूफ कुठे होतं, कोणाला नेलं आणि कोण फोरमन झालं, सगळं क्रमानं आहे. तुझ्या नातवंडांनी ग्रंथ उघडला तर हे वाचावं की हसरा कांदा बघावा, हे तू ठरव. तुझ्या पद्धतीनं वाच. मी स्वतःला कुठे सोडून दिलं असेल तर लाल शाईनं लिही, मी तसंच ओतीन. हरकत नसेल तर खाली सही कर आणि भाच्याकडे दे, तो गुरुवारच्या बसनं निघेल. सही करायची नसेल तर कोरं परत दे, मी काही विचारणार नाही. फक्त समासात अदबीनं काही लिहू नकोस.

अजून एक सांगायचं राहिलं. काल उमू आली होती. म्हणाली, काका, संमती आली तर समोरच्या पानावर त्या दिवसाच्या अंकाचा फोटो टाकू, अकरावी ओळ दिसेल असा. आमच्याकडचे तर सगळे तेव्हाच परत मागवून नष्ट केले, तुमच्या कपाटातला द्या. मी कपाट उघडलं, खंड काढला, तिच्यासमोर ठेवला आणि तिला पानं उलटू दिली.

मार्च १९८३च्या खंडात नऊ तारखेनंतर थेट अकरा तारीख आहे.

ब्रेमा